इंजिनं बघायला येणाऱ्यांची वही

उसाचं लग्न लागलं, नवरानवरी चरकात गेली,
की आठवड्याभरात ही माणसं येतात.
टोप्या, पोटरीपर्यंत मोजे, छातीवर दोन दोन कॅमेरे.
वाकून पितळी पट्टी रुमालाने पुसतात,
आकडे उतरवून घेतात,
आणि एकमेकांना वाचून दाखवतात
जशी पत्रिका जुळवायला बसलीत.

मी सात नंबरवर आगवाला.
चिपाडाच्या गठड्या भट्टीत कोंबायच्या, एवढंच.
चिपाड म्हणजे पोरकट जळण,
भडकतं, ठिणग्या उडवतं, वळून बघेस्तोवर संपलेलं.
बत्तीस हंगाम मी भट्टीकडे पाठ केलेली नाही.

एका हंगामात मीही वही घेतली.
कारखान्याचीच, वजनाची, रकाने आखलेली.
देश. साल. किती वेळा. कुठून गळतं.

एकेहार्ट, जर्मनी. सहा वेळा.
उजवा गुडघा गेलेला, चढाला आवाज करतो.
डेस्मंड, इंग्लंड. टाकी मोठी, वाफ कमी.
मारेइके, हॉलंड. हिने इंजिनाकडे पाहिलंच नाही.
मॅनेजरच्या जुन्या बंगल्यासमोर उभी राहिली,
तिथे आता युरियाची पोती असतात,
बोटाने खिडक्या मोजल्या.
मग पुन्हा मोजल्या.

पैसे भरले की म्हणतात, मागे जा, परत या.
काळा धूर हवा.
पाक वागिमान, आमचे ड्रायव्हर, नुसते बघतात माझ्याकडे,
मी टायरचा तुकडा टाकतो.
चित्रात डिझेल नको. मोटारसायकल नको.
फुटबॉलचा शर्ट घातलेला पोनिमानचा नातू नको,
त्याला चॉकलेट देऊन उसात बसवतात.
ऊस चालतो. रेडा असला तर फारच उत्तम.
आणि खरे भरलेले डबे
मागे डिझेलला जोडून उभे,
त्याचा ड्रायव्हर लवंगेची सिगरेट ओढत
आमचा खेळ आटपायची वाट बघतो.

पण खोटं कशाला बोलू,
तिसऱ्यांदा त्या वळणावरून सुटलो
तेव्हा मलाही वाटलं,
आपल्याला उशीर होतोय, चरक थांबलाय आपल्यासाठी.

यंदा हिरासावा आले. नवव्यांदा.
वहीचं कुणीतरी सांगितलेलं.
स्लीपरवर बसले, बोट फिरवत स्वतःचं नाव शोधलं.
चुकलंय, म्हणाले. त्या साली मी जावाला दोनदा आलो.
जूनमध्ये, आणि परत सप्टेंबरात,
पाच नंबरचा बॉयलर उघडला होता तेव्हा.
मी खोडून दुरुस्त केलं. त्यांना फार बरं वाटलं.
गळतीचा रकाना रिकामा होता.
जरा थांबले.
लिही, म्हणाले, डावा कान. शिट्टी आता ऐकू येत नाही,
वाफ दिसते, त्यावरून ओळखतो.
लिहिलं.

मग पेन मागून घेतलं, नवं पान काढलं.
कुठे बनलास? याच गावात.
साल? डोंगराची राख पडली, त्याच्या पुढचं, आई म्हणायची.
मोठी दुरुस्ती? एकदा. मूतखडा.
याआधी कुठल्या कारखान्यावर?
कुठल्याच नाही.
माझा हात धरून उजेडाकडे फिरवला,
भाजल्याचे डाग मोजले, तेही लिहिले.
तेवढ्यात वागिमाननी शिट्टी मारली, मी पळालो.

पुढच्या हंगामाला ट्रक घेणार, रूळ भंगारात,
असं वजनकाट्यावर बोलतात.
हिरासावांना मी सांगितलं नाही.
असल्या बातम्या त्यांना आमच्याआधी कळतात.

वही घरी आहे, तांदळाच्या डब्यावर.
पानभर जपानी. मला काय कळणार.
बायको म्हणते, मास्तरांना दाखव,
त्यांच्या फोनसमोर धरलं की अर्थ सांगतो म्हणे.
दाखवली नाही अजून.

एक आकडा तेवढा लागतो मला,
वर, कोपऱ्यात, जिथे ते इंजिनाचा नंबर टाकतात तिथे.
सात.