दीड इंच

वीस फुटांवर सुरजा कुमरेला काही वाटत नाही.
झुला टाकते, पट्टा आवळते,
जंपर बांधून खाली येते,
खालच्या माणसाच्या तोंडातला खर्रा संपायच्या आत.

तिला घाम फुटला तो जमिनीवर.
घाटंजीला, बसस्टँडसमोर,
क्रूझर थांबवून पाय टाकला तर टेकला फक्त अंगठा,
आणि पावणेदोनशे किलोची गाडी
म्हशीसारखी, सावकाश, एका कुशीवर बसली.
हसणारे हसले. उचलायला दोघेच आले.

दुसऱ्या दिवशी माझ्या गॅरेजात.
"भाऊ, हाइट कमी करून द्या."
"कोनाची?" मी म्हटलं.
ती हसली नाही.
मी तेरा नंबरचा पाना शोधू लागलो.

तिला सीटवर बसवलं, पाठ सरळ,
आणि टाचांखाली फरशीचे तुकडे सरकवत गेलो.
एक. दोन.
तिसऱ्याला ती म्हणाली, "हाव."
टेप लावला: दीड इंच.
एवढ्याशासाठी माणूस चौकात पडतं.

मी आधी सगळं सांगून टाकलं.
मागून खाली आणली की ब्रेकरवर पोट घासणार,
श्रावणात काळी माती मडगार्डात अशी ठासणार
की चाक फिरायचं नाही, काडीनं उकरत बसाल.
चेन पुन्हा ताणावी लागेल.
गाडीला एका जागी हात लावला
की चार जागा कुरकुरतात, मॅडम.
"आन् नाही केलं तं?"
"तर पडाल."
"मंग करा ना."

पानठेल्यावरून गणोजी ठाकरे बोलले,
बाईमाणसानं आपली स्कूटी घ्यावं.
ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली,
"तारेचं बंडल मांगं बांधून
नाल्यातून काढून दाखवा स्कूटी. घेतो."

सागाच्या ओंडक्यावर गाडी टेकवली.
रॉकेल पाजून नट सोडवले,
जुने शॉक निघाले, तेरा इंची, चिखलानं लिंपलेले.
साडेअकराचे होते माझ्याकडे,
पांढरकवड्याच्या भंगारातून आणलेले, पण स्प्रिंग कडक.
मऊ घातले असते तर बंडलासकट टायर घासला असता.

मग स्टँड.
गाडी बुटकी झाली की जुना स्टँड लांब पडतो,
तिला कलंडूच देत नाही, ताठ उभी धरतो,
आणि वाऱ्याच्या झुळकीनं ती पलीकडे पडते.
बोटभर कापला. दोन तुकडे शिकंजात धरले.
वेल्डिंगची पहिली ठिणगी उडाली
आणि लाइट गेली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.
गणोजीसुद्धा.
तिनं फोन लावला, "कोन्ता फीडर?" एवढंच विचारलं,
डिकीतले हातमोजे काढले
आणि डीपीकडे चालत गेली,
कारण गाडीला पाय नव्हता.

पाऊण तासानं पंखा फिरला.
ती परत आली तेव्हा केसांत पिंपळाचं पान होतं.
मी सांगितलं नाही.

अंधार पडता पडता तिनं गाडी ओंडक्यावरून उतरवली.
बसली.
दोन्ही टाचा मातीत, पूर्ण.
जागच्या जागी दोनदा दाबून पाहिली जमीन,
नवी चप्पल दाबून पाहतात तशी.

"फोकस वर गेला," मी म्हटलं,
"मागून बसली ना, म्हणून नाक वर. खाली करून देतो."
तिनं समोर पाहिलं.
उजेड रस्ता सोडून
थेट चिनीमातीच्या चिमण्यांवर पडला होता,
तिसऱ्या खांबावरची एक तडकलेली स्पष्ट दिसत होती.
"राहू द्या," ती म्हणाली.

पैसे दिले. दोनशे बाकी ठेवले.
जिनिंगसमोरच्या ब्रेकरवर खर्रकन आवाज आला,
दात आंबले माझे. ती थांबली नाही.
समोरच्या ट्रकवाल्यानं डिपर मारून मारून शिव्या दिल्या,
आणि पारव्याच्या रस्त्यानं
एकेक खांब वरून उजळत गेला.

जुने शॉक अजून आहेत.
एक दाराला अडसर म्हणून लावतो.
कोणी उंच गिऱ्हाईक आलं तर देऊन टाकीन.