चौदा नंबरचा नमुना

दोडीच्या माळावर चोवीस मेंढ्या.
बारांच्या पाठीवर गेरूचा पट्टा,
बारा कोऱ्या.
पट्टेवाल्यांना रोज भरडलेलं जवस,
वर घाण्याचं तेल, औषधाच्या टोपणानं मोजून.
कोऱ्यांना कडबा, हरभऱ्याचा भुसा
आणि माझं बघत बसणं.

झेलाआत्या म्हणाली, "मेंढीला तेल?
आन् आपण फोडणीला थेंब मोजतो."
मी म्हणाले, दुधातली चरबी बदलते का बघायचंय.
"बदलून?"
माणसाच्या काळजाला बरी पडते का, ते.
"आन् मेंढीच्या काळजाला?"
त्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

चौथ्या दिवशी पट्ट्यातल्या तिघींनी
रवंथ करणं सोडलं.
आत्यानं डाव्या कुशीला कान लावला,
बराच वेळ, दारापलीकडचं भांडण ऐकावं तसा.
मग टोपण अर्धं केलं. मला विचारलंसुद्धा नाही.
रात्री पुस्तक उघडलं तर तेच होतं लिहिलेलं,
तेल जास्त झालं की पोट संप करतं,
आणि त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ,
माझीच.

मेंढीच्या पोटात एक अंधारी गिरणी आहे.
तिथले जंतू मऊ तेल पकडतात,
हायड्रोजन चिकटवून घट्ट करतात,
आपण कारखान्यात वनस्पती तूप करतो तसं,
फक्त बिनधुराचं.
जवसातून शंभर दाणे मऊपणा निघाला
तर कासेपर्यंत पोचतो
चार-पाच दाणे,
त्यांच्या हातून निसटला तेवढा.
माझा सगळा प्रबंध त्या निसटलेल्यावर उभा आहे.

एसटीनं नाशिकला यायचं,
मांडीवर बर्फाचा डबा,
शेजारच्या बाईला वाटतं मासे आहेत.
प्रयोगशाळेत आम्लावर दूध सोडायचं हळूच,
नळी हातात तापते, कापडात गुंडाळून धरायची,
यंत्रात गरगर फिरवायची,
की मानेत चढते पिवळी कांडी.
पट्ट्याची सहा पूर्णांक आठ.
कोरीची सहा पूर्णांक सात.
"म्हंजे जवस फुकट?" आत्या फोनवर.
नाही गं. नळी किती ते सांगते,
कसली ते सांगत नाही.
कसली, ते पुण्याचं मशीन सांगणार.
तिथं चार महिन्यांची रांग.

त्या आठवड्यात निफाडचा पारा इतका उतरला
की द्राक्षवाल्यांनी बागेत शेकोट्या लावल्या.
दोडीला आत्यानं दोन वाट्यांत लोणी काढलं,
रात्रभर छपरावर ठेवलं,
सकाळी मला बोलावलं. "घाल बोट."
कोऱ्यांचं लोणी खडूसारखं, नख वाजलं.
पट्ट्याच्यानं मात्र बोट आत घेतलं,
सरकून जागा द्यावी तसं.
"हे गोठंना," ती म्हणाली, आणि चुलीकडे गेली,
जणू एवढंच होतं.

मी वहीत लिहिलं: तापमान सात अंश.
मोजमापाचं साधन: उजव्या हाताची तर्जनी.
सरांनी ते लाल शाईनं खोडलं,
पण हसत.

चैत्रात पुण्याचा कागद आला.
टेकड्यांची रांग, आणि एका जागी
पट्ट्याची टेकडी कोरीपेक्षा उंच.
मी फोन केला.
पलीकडे वारा, घंटा, कुणाला तरी हाकारणं.
"लोण्याचं म्हनतीस व्हय? ते झालं की हिवाळ्यात."

आता फक्त चौदा नंबरचा प्रश्न उरलाय.
त्या पहाटे मी बाटलीचं बूच शोधत होते
आणि कोकरानं दावं तोडलं.
गुडघे टेकून, कपाळानं ढुसण्या देत
सगळा नमुना पिऊन टाकला,
शेवटी तोंडाला जवसाचा वास.
आत्या म्हणाली, "ज्याचं त्याला गेलं."

सर म्हणाले, लिही, उपलब्ध नाही.
लिहिलं.
छापून आलेल्या तक्त्यात नुसती आडवी रेघ आहे तिथं,
तेवीस आकड्यांच्या मध्ये,
आणि मला ती दर वेळी
हलताना दिसते, शेपटासारखी.