अकरा वाट्या

तुर्शाबचा मीराब मी. पाणी मोजणारा.
तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढं भोक,
परातीतल्या पाण्यावर सोडायची.
भरते, डुचमळते, बुडते.
वाटी बुडाली की एका शेताची पाळी संपली.
चाळीस वर्षं हेच.
मोठमोठी भांडणं तिच्यापुढे मिटतात,
वाटीला मेव्हणे नसतात.

त्या उन्हाळ्यात उत्तरेकडून धूळ आली
आणि धुळीखालून घोडे.
मर्वहून पळून आलेला चांभार
बोलायचाच बंद झाला होता,
नुसता बोटांवर काहीतरी मोजायचा
आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

वजीर म्हणाले, किल्ल्या द्या.
सरदार म्हणाले, तलवारी द्या.
मलिक मर्जबान काहीच म्हणाले नाहीत.
जाडजूड माणूस, उजवा गुडघा दुखरा,
शिकारीतसुद्धा आधी सावली शोधणारा.
रात्री एकटेच माझ्या खोलीत आले,
भिंतीला टेकून जमिनीवर बसले,
वाटी बुडेपर्यंत गप्प.
मग:
"इथून खालच्या कुरणापर्यंत पाणी किती लांब?"
"अकरा वाट्या, हुजूर."
"आणि कुरणावर घोडे किती?"
हे माझ्या दप्तरात नव्हतं.
"माणूस चामडं उकळून खातो," ते म्हणाले,
"भीतीसुद्धा पचवतो.
घोड्याला तसलं काही जमत नाही."

आमची कारीज डोंगराच्या पोटातून निघते,
जमिनीखालून, काळोखातून,
माणूस वाकून चालेल एवढी.
आधी शहर, मग सेपीदान, मग कुरण.
शहराची टाकी काठोकाठ भरून घेतली
आणि तिसऱ्या पहाटे खालच्या तोंडाशी मी उतरलो.
दगड, चिखल, बकऱ्यांची कातडी.
उरलेलं पाणी जुन्या ढासळत्या बोगद्यात वळवलं,
जिथून ते कुणाचंच होत नाही.
वर येऊन अकरा वाट्या मोजल्या.
बारावी परातीत सोडली नाही.

सेपीदानात माझी दुर्दाना दिलेली होती.
मलिकांना ठाऊक नव्हतं. की होतं?
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
लोक म्हणतात, त्या दिवशी मीराबाने पाणी सोडलं नाही.
सोडलं.
लेकीवर.

पाचव्या दिवशी घोडे जमीन चाटू लागले.
सातव्या रात्री खिंकाळणं थांबलं.
त्यांनी सेपीदानच्या विहिरी उपसल्या,
तळापर्यंत, मग चिखल,
मग तिकडे धूर दिसला.
शत्रूच्या तोंडचं पाणी पळालं, असं
चौकातले किस्सेवाले आता हसून सांगतात.
दहाव्या दिवशी फौज वळली
पश्चिमेला, दुसऱ्या कुठल्या तरी शहराकडे
ज्याला नदी होती.

याला चोवीस वर्षं झाली.
गल्लीत मुलं 'पडलं असतं' खेळतात:
चौघं तट, बाकीचे घोडे.
तट कोसळतो, सगळे मरून पडतात,
खिदळत उठतात, कपडे झटकतात.
म्हातारे भर घालतात:
शहर पडलं असतं तर
डोक्यांचा मनोरा लागला असता मशिदीपाशी,
मांजरंसुद्धा सोडली नसती त्यांनी,
शंभर वर्षं कोल्हे नांदले असते इथे.
ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो.
मग ते घरी जेवायला जातात.
तो चांभार तेवढा
अजून बोटांवर मोजत असतो.

मलिक गेले मागच्या हिवाळ्यात, अंथरुणातच,
गुडघ्याला गरम विटा लावलेल्या.
मला बोलावून घेतलं होतं.
"मीराब," म्हणाले, "ती बारावी वाटी..."
मग खोकला आला. मग हकीम आला.

सेपीदानात हल्ली कुणी काशानचं कुटुंब राहतं.
डाळिंबं लावली आहेत त्यांनी,
जिथे दुर्दानाचं अंगण होतं साधारण तिथेच.
त्यांची पाळी मंगळवारी, दोन वाट्या.
मी तीन देतो.
वहीत दोनच लिहितो.