मंडईची रात

दर दोन तासांनी मी मायची कूस बदलतो.
मोबाईलच्या गजरात कोंबडा आरवतो, माय हसते.
लकवा मारल्यापासून तोंडाची एकच बाजू हसते,
ती भिंतीकडे असली की मला दिसत नाही.

पहिल्यांदा तिचं लुगडं बदललं
तेव्हा मी डोळे मिटले होते.
तिनंही.
आता आम्ही दोघं कौलांकडे पाहत
धानाच्या भावाबद्दल बोलतो,
म्हणजे मी बोलतो.

लोक म्हणतात, चैतराम, तू तर श्रावणबाळ.
श्रावणबाळाच्या नावानं तिची पेन्शन येते,
तीही तीन-तीन महिने अडकून.
कावडीतल्या आईच्या पाठीला जखम झाली होती का,
ती कशानं धुतली,
हे कोणी सांगत नाही.

सल्ले मात्र खूप आले.
कबुतराचं रक्त. छत्तीसगडातला वैद्य.
आणि, लगन कर, करणारी येईल घरात.

मग भादव्यातली ती रात.
चौथ्यांदा चादर ओली झाली
अन् मी तिचा हात झिडकारला.
खाटेच्या कडेला आपटला.
मोडला नाही. निळा झाला.

सकाळी रेवताबाई ताक घेऊन आली, तिनं निळं पाहिलं.
मी सांगून टाकलं.
ती उंबऱ्यावर बसून पदरानं उगाच लोटा पुसत राहिली.
"म्या सासऱ्याले एक सांज उपाशी ठेवलं होतं," म्हणाली,
"जानूनबुजून. कोनाले सांगतलं नाई आजवर."
अन् लोटा तिथंच ठेवून गेली.

त्या शनिवारी बचत गटाच्या वहीत
पन्नास-पन्नासच्या हिशोबाखाली
कोणीतरी लिहिलं: गोपिकामाय.
निरूपा जांभुळकर, सकाळची आंघोळ.
शकुन उईके, दुपारी दोन ते चार, सोमवार सोडून.
भागरथाबाईचा नुसता अंगठा,
समोर वेळ नाही, ती केव्हाही येते.
दोघींनी नाव दिलं अन् आल्याच नाहीत.
एकीचं नाव नवऱ्यानं खोडलं,
खोडताना कागद फाटला.

दोन ते चार काय करायचं मला कळेना.
बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो,
खिशात कोंबडा आरवला,
पळत घरी आलो.
शकुननं दारातूनच परत पाठवलं.

मंडईला नाटक आलं.
गावच्या मंडळात बारा वर्षं मी पडदा ओढला.
मागची तीन वर्षं खाटेजवळ बसून
फक्त भोंगा ऐकला,
अंक कुठं संपला ते टाळ्यांवरून ओळखलं.
यंदा रेवताबाईनं तिकीट हातात दिलं, पुढच्या रांगेचं.
"रातभर आमी हाओत इथी.
सकाळी सांगजो, कोन मेलं अन् कोनाचं लगन झालं."

घंटा झाली. पडदा सरकला,
डावीकडे जरासा अडकला,
माझा हात आपोआप उचलला गेला.
एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा मंडपात झाडू चालला होता.
अंगावर कोणाची तरी चादर,
चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या.
बंदुका वाजल्या असतील, नायिका रडली असेल,
शेजारच्यांनी शिट्ट्या मारल्या असतील.
कोणी उठवलं नाही.

घरी रेवताबाई बसल्याबसल्या पेंगत होती.
माय जागी, तोंड दाराकडे.
"काय झालं नाटकात?"
"कोनी मेलं नाई," मी म्हटलं.

माय हसली.
या बाजूनं.