सुताच्या आत

टाकळीच्या शस्त्रागारात मे महिन्यात
कूलर फक्त आवाज करतो.
उईके बाईंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, मॅगझिन वेगळं,
म्हणाल्या, "हेडाऊ साहेब, हे डावीकडं मारून राहिलं."
सगळेच असं म्हणतात. दहातल्या नऊ वेळा
डावीकडं मारतं ते बोट.

पण मागच्या साइटचा एक कान तुटलेला होता
आणि खाचेत कोणीतरी, माझ्या आधीच्यानं,
पत्र्याची चकती कोंबून दिवस काढले होते.
स्लाइड उतरवली, शेगड्यात तांब्याच्या पट्ट्यांमध्ये आवळली,
पितळी डट्टा टेकवला,
हातोडीनं नुसता निरोप दिला.
दोन. तीन.
जुनी हलली, दुखऱ्या दाढेसारखी.

नवी जाईना.
जायलाच नको.
अंगठ्यानं तिसरा हिस्सा शिरावा, उरलेली ठोकून.
सहज गेली तर सहज येईल.
म्हणून कानस. एक हात. पुसा. लावून बघा.
पुन्हा एक हात, तळालाच, कडेला नाही.
साहेब दारात येऊन घड्याळ बघून गेले.

गोळीबार चौकात आमच्या घरी खड्डामाग होता.
ताणीचा एक धागा तुटला की बाबा
अख्खा माग थांबवायचे,
जिभेनं टोक ओलं करून गाठ मारायचे.
"एका सुतानं काय फरक पडते जी?"
"तुह्या डोळ्यात गेलं म्हणजे मोज."

मोजून राहिलो, बाबा,
कॅलिपर लावून, दोन्ही कडांनी.
गोळी उजवीकडं न्यायची तर मागची साइटही उजवीकडं.
माशी पुढं असते, तिचं उलटं.
चाळीस वर्षांत पाठ झालेलं,
तरी दर वेळी ओठांत म्हणून बघतो.

रेंजवर पाच गोळ्या.
जवळचं अजून दिसतं मला; पंचवीस मीटरवरचं टार्गेट
मोतीबिंदूत बुडालेला काळा ठिपका.
"सांगा," म्हटलं.
"चार आत. एक डावीकडं."
मी डट्टा हातात धरून थांबलो.
उईके बाईंनी बोट चोळलं, जरा वेळ घेतला.
"ती माझी," म्हणाल्या,
आणि पुन्हा मॅगझिन भरायला बसल्या.

संध्याकाळी साइट आणि स्लाइड मिळून
एक बारीक ओरखडा काढला आडवा न उभा,
हलली तर
माझ्या नंतरच्याला कळावं.
चकती डबीत टाकली. फेकली नाही.