नात्याचा रकाना

आमच्या करावे गावात इमारती इतक्या जवळ,
की चौथ्या मजल्यावरून हात लांबवला
तर समोरच्यांच्या दोरीवरचा टॉवेल काढता येतो.
तिथे वरच्या खोलीत राहते जेनालिन, बातांगासची.
पहिल्या दिवशी जवळा भाजला तेव्हा
बाकीच्या भाडेकरूंनी नाक दाबलं,
आणि ही वासामागून जिना उतरत थेट आमच्या ओट्यापाशी.
आई म्हणाली, सुकट खाते? मग आपलीच हाय.

मला ती आते म्हणते.
वर्षभर वाटलं, बापाची बहीण करून टाकली मला,
एवढी का मी म्हातारी.
मग कळलं, तिच्याकडे आते म्हणजे ताई.
तोवर आत्यासारखं ओरडून झालं होतं.

आता पदवी झाली. लादीवर तीन कागद.
विनिपेगवर माझा चष्मा ठेवलाय:
मावशी आहे, बर्फ आहे, दोन वर्षांचा डिप्लोमा,
मग कामाचा परवाना, मग बघू.
मेलबर्नवर लिंबू: सहा महिने पाथवे, मग मास्टर्स.
फीमधली शून्यं ती बोटाने मोजते,
पुन्हा मोजते.
तिसऱ्यावर काहीच नाही,
तो पंख्याने उडून कॉटखाली जातो:
एमएस्सी, इथेच, नेरुळ.

वाशीच्या सल्लागाराने पाथवे हा शब्द
अकरा वेळा वापरला. मी मोजले.
मला सारखी पायवाट दिसत होती,
बाबा खाडीवर जायचे ती,
बांधावरून, चिखलात बोटं रुतवत.
ती कुणी आखली नव्हती.
पाय पडत गेले आणि गवत उगवायचं थांबलं.
आता तिथे पामबीच रोड आहे.

तू असतीस तर, तिने रात्री विचारलं.
मी?
आयुष्यात एकच फॉर्म भरला,
नर्सिंगचा, अलिबागचा,
टपालात टाकायला दादाकडे दिला.
तो त्याच्या पँटच्या खिशात धुतला गेला.
धुतला गेला, असंच आम्ही म्हणत आलोय.

मी म्हटलं, मावशीकडे गेलीस तर मावशीचीच होशील.
म्हटलं, इथेच राहा. हे मोठ्याने नाही म्हटलं.
म्हटलं, लिंबू सुकायच्या आत ठरव.

शनिवारी मेलबर्नचा भरला.
मामा बोटीवरून अर्धे पैसे पाठवेल,
उरलेल्या अर्ध्यांचं तिचं ती जाणे.
तातडीच्या वेळी कुणाला कळवावं:
माझं नाव, पुढे घरत, पिनकोडसकट.
नातं: तीन इंग्रजी अक्षरं.
सल्लागार अडला. मॅडम, म्हणाला,
नात्याच्या रकान्यात हिने 'खाल्लं' असं लिहिलंय.
आणि व्हाइटनर शोधायला लागला.

राहू द्या, मी म्हटलं.
तीन वर्षं एका ताटात खाल्लंच आहे की.

घरी आल्यावर तिने ते लिंबू कापलं,
अर्धं जवळ्यावर पिळलं,
अर्धं तसंच ठेवलं बशीत,
कापलेली बाजू खाली.