वाजवून घेणे

खानापूर कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या खोक्याला लागून
माझं टेबल. अण्णांचंच. एका पायाखाली अजून तोच विटेचा तुकडा.
भरमू कुंभारानं त्यावर पोतं उपडं केलं.
खापऱ्या.
"सतरा हंड्या होत्या वकीलबाई. परत आल्या, ह्या अशा.
आणि वर माझेच पैसे कापूलेत."

मोबाईल पुढे केला. अटी व शर्ती.
मी वर सरकवत गेले, सरकवत गेले,
चहा आला, चहावर साय धरली,
एकेचाळिसाव्या कलमात गुरुग्राम लागलं:
तंटा झाला तर तिथेच,
कंपनी नेमील त्या लवादापुढे, इंग्रजीत.
"धारवाडच्या पुढं काय ते?" भरमूनं विचारलं.
"बरंच पुढं."

आता अर्ज लिहायचा कन्नडात,
शर्ती इंग्रजीत,
आणि हंडी फुटली ती मराठीत.

अठराशे बहात्तरचा कायदा काही वाईट नाही.
तो म्हणतो, दोघांनी एकाच गोष्टीला
एकाच अर्थानं हो म्हटलं पाहिजे.
भरमूच्या मनात हंडी होती,
तिचा गळा, तिचं बूड, तिच्यातलं माशाचं कालवण.
समोर मन नव्हतंच.
एक चौकोन होता, तिळाएवढा,
त्यात बरोबरची खूण.

अण्णा बाँड लिहायचे इथेच बसून.
शेवटची ओळ ठरलेली:
वाचून दाखविले, समजले, कबूल.
पण शाईची डबी ते मांडीखाली दाबून ठेवायचे.
"काय ऐकलंस ते सांग बघू तुझ्या तोंडानं."
सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.
लोक वैतागत. कुणी दुसऱ्या टेबलाकडे जात.
एकदा एका म्हातारीनं तिसऱ्या वाचनाला
जमीन विकायचीच नाही असं ठरवलं
आणि अण्णांना लिहिणावळ मिळाली नाही.

"खूण कुणी केली?" मी विचारलं.
"आमच्या मलप्रभानं. माझा अंगठा घेईना तो फोन.
चाकावर झिजलाय की." दाखवला.
गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.
"कितवीत आहे ती?"
"नववीत."

मी खुर्चीत ताठ झाले.
अठराच्या आतल्या पोराला कायद्याच्या मराठीत
अज्ञान म्हणतात.
अज्ञानाचा करार, करारच नव्हे.
घरात ज्या एकटीला ते कलम वाचता आलं असतं
तीच अज्ञान!
समोरचा वकील म्हणेल, बापाच्या सांगण्यावरून केलं,
म्हणजे बापानंच केलं. म्हणू दे.
तोवर आपण तारीख तरी इथली मिळवू.
पेनाचं टोपण मी काढलंसुद्धा.

भरमू खापऱ्या गोळा करायला लागला.
"तसं नको. दाब म्हणून मीच सांगिटलो होतो.
पोरगी नुसतं बोट.
हो मी म्हटलोय."
"पण कशाला हो म्हटलात, ते तरी ठाऊक होतं का?"
"नाही की."
"मग?"
"मग काय. हो म्हटलोय ते म्हटलोय.
कशाला म्हटलो ते तुम्ही शोधा."

एकेचाळीस कलमं,
आणि आपल्या शब्दाला बांधलेला
माणूस एकच निघाला.
तोही टेबलाच्या चुकीच्या बाजूला.

तेच लिहिलं मग अर्जात. पोरीचं नाव नाही.
लिहिलं की, कबूल आहे, अर्जदारानं होकार दिला.
कशाला, हे त्याला कुणी वाचून दाखविले नाही.
टिकेल का? माहीत नाही.
बेळगावचे दोन सीनियर हसले,
एकानं प्रत मागून घेतली.

जाताना फी म्हणून एक हंडी ठेवली, धड, नवी.
मी उचलून पिशवीत टाकणार,
तर त्यानं हात धरला.
"अशी घेऊ नका. आधी वाजवा."

मी बोटाच्या पेरानं टकटक केली.
तो कान लावून थांबला,
माझ्या कानाला कळेपर्यंत.